डोके ठिकाणावर, मथळा भलत्याच ठिकाणी

‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हे वाक्य पाठ नसलेला मराठी माणूस विरळा. शाळेत आम्ही ते गाळलेल्या जागेत भरायचो आणि खाली ठोकून द्यायचो, ‘या अग्रलेखामुळे टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली.’ पूर्ण गुण मिळायचे. ते आता परत करायला हवेत. टिळकांना शिक्षा झाली ती या मथळ्याबद्दल नव्हेच.

तारखा ओळीने लावून पाहिल्या की गंमत कळते. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट लगेच गेला, रँड ३ जुलैला. प्लेगने आधीच खचलेल्या पुण्यावर जादा पोलीस बसले, आणि त्यांचा खर्चही पुणेकरांच्याच माथी. टिळकांच्या ६ जुलैच्या केसरीने डोक्याची चौकशी केली ती यावरून. पुढच्या मंगळवारी आणखी एक मथळा आला, ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. पण न्यायालयात पुरावा म्हणून कोणता अंक निघाला? १५ जूनचा! गोळ्या सुटण्याच्या आठवडाभर आधीचा. त्यात शिवराज्याभिषेकाच्या उत्सवाचा वृत्तान्त होता आणि ‘शिवाजीचे उद्गार’ नावाची टोपणनावाने आलेली कविता. ज्या मथळ्याने सरकार चिडले असे आपण धरून चालतो, तो बाहेर मोकळाच राहिला. आत गेले ते उत्सवाचे भाषण आणि कविता.

न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी कायद्यातल्या शब्दाची जी फोड केली, ती तर लग्नाच्या पंगतीत सांगण्यासारखी आहे. सरकारविषयी प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती, असे त्यांनी ज्युरीला सांगितले. हा न्याय घरोघरी लावला असता, तर सदाशिव पेठेतल्या निम्म्या सुना सासूद्रोहाखाली येरवड्याला गेल्या असत्या. ज्युरीतले सहा युरोपियन म्हणाले दोषी, तिघे हिंदी म्हणाले निर्दोष. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी. पुढच्याच वर्षी सरकारने कलम १२४अ दुरुस्त करून घेतले.

केसरीची तुरुंगाशी ओळख मात्र त्याहून जुनी. ४ जानेवारी १८८१ ला निघालेले हे पत्र दीड वर्षाचे होते न होते, तोच कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्यावर आरोप करणारी पत्रे छापल्याबद्दल अब्रुनुकसानीचा खटला उभा राहिला. ती पत्रे बनावट निघाली. माफी मागूनही टिळक-आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट जाऊन उरले एकशे एक दिवस, आणि आगरकरांनी त्या दिवसांचेही पुस्तक केले. खटल्याच्या वेळी जामीन मिळवून देण्यात महात्मा फुले यांचा हात होता, हे पुण्यातल्या दोन्ही बाजूंचे अभिमानी सहसा एका दमात सांगत नाहीत.

चुकीच्या मजकुराची शिक्षा नेहमी कैदच असते असे नाही. १९४८ साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये छपाई कामगारांचा संप होता, म्हणून पान लवकर बांधावे लागे. मते मोजून व्हायच्या आतच त्यांनी ‘ड्यूईने ट्रुमनला हरवले’ असा मथळा ठोकून दिला. जिंकले ट्रुमन. दोन दिवसांनी सेंट लुईसच्या स्टेशनात त्यांनी तो अंक दोन्ही हातांनी उंच धरला, आणि त्यांचे ते तोंडभर हसू छायाचित्रात कायमचे राहिले. संपादकाला जन्मठेप ती हीच.

आपल्याकडच्या सरकारला असे हसता येत नव्हते. १९०८ मध्ये ते पुन्हा केसरीकडे वळले, आणि या वेळचे मथळे तर बघण्यासारखे आहेत. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर १२ मे रोजी आला ‘देशाचे दुर्दैव’. ९ जूनला आला ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. हा दुसरा मथळा गळक्या कौलांवरच्या लेखालाही चालला असता. दोन्हींत ना प्रश्नचिन्ह, ना कुणाच्या डोक्याचा उल्लेख. तरी लेखामागे तीन वर्षे, अशी सहा वर्षांची काळ्या पाण्याची सजा आणि वर हजार रुपये दंड! केसरीपुरते त्रैराशिक मांडायचे झाले तर मथळा जितका मऊ, तितकी शिक्षा कडक.

सजा सुनावणारे न्यायमूर्ती दिनशा दावर यांनीच १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांसाठी जामीन मागितला होता. आता बॅरिस्टर जिनांनी तोच अर्ज दावरांपुढे केला, तेव्हा त्यांनी तो फेटाळला. टिळक स्वतः एकवीस तासांहून अधिक बोलले. त्यातला बराच वेळ मराठी शब्दांच्या इंग्रजी भाषांतराशी झगडण्यात गेला, कारण ज्युरीतल्या बहुतेकांना मराठी येत नव्हते. जो मथळा वाचताच येत नाही, त्याला दोषी ठरवायचे म्हणजे काम अवघडच. सात विरुद्ध दोन मतांनी ते पार पडले.

निकालानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. वर्षाला एक दिवस, असा हिशेब.

मंडालेच्या तुरुंगात टिळकांना शाई मिळत नसे. सुटे कागदही नाहीत. पाने मोजून आकडे घातलेल्या बांधीव वह्या, आणि पेन्सिली, त्याही टोके काढून आणलेल्या. म्हणजे कैद्याच्या हाती चाकू नको. १९१०-११ च्या थंडीत त्या वह्यांत ‘गीतारहस्य’ उतरले आणि १९१५ मध्ये छापून निघाले. ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ म्हटल्याबद्दल पाठवलेल्या माणसाला पाने मोजून आणि पेन्सिली तासून सरकारने दिल्या, आणि त्यांतून निघालेला ग्रंथ शंभर वर्षे उलटून गेल्यावरही दुकानात मिळतो.