मोटारीतील दुसरा पंप

नोकरीच्या निमित्ताने चंदीगडास येऊन राहिलेल्या मराठी मंडळींना उन्हाळ्यात कसौलीची किंवा सिमल्याची ओढ लागली नाही, तरच नवल! चंदीगडची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर, सिमल्याची सुमारे २,२०० मीटर. पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना माणसांनी भरलेली मोटार परवाणूपासूनचा चढ चढते, आणि मुक्कामी पोचताच आपण इंजिन बंद करतो. इंजिन थांबते, त्यातील उष्णता मात्र थांबत नाही.

बहुतेक गाड्यांत कूलंट खेळविणारा मुख्य पंप इंजिनाच्याच गतीवर चालतो. इंजिन थांबले की तोही थांबतो. पण पेट्रोलवरील टर्बो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकते. अशा वेळी टर्बोभोवतीचे कूलंट जागच्या जागी उकळते आणि धारव्यांतील तेल जळून त्याचा कोळसा बनतो. हे टळावे म्हणून अनेक गाड्यांत विजेवर चालणारा एक लहान सहायक पंप असतो. गाडी बंद केल्यावरही काही मिनिटे घुमणारा जो आवाज ऐकून नवखा मालक घाबरतो, तो पुष्कळदा या पंपाचा किंवा पंख्याचा असतो. तो बिघाड नव्हे. हायब्रिड गाडीत असाच पंप विद्युत्-यंत्रणा थंड राखतो.

हा पंप बंद पडल्याचा संशय आला, तर तपासणी सोप्याकडून अवघडाकडे न्यावी. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्रथम कूलंटची पातळी पाहावी. गरम असताना झाकण कदापि उघडू नये. आतील दाबामुळे कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि उकळता द्रव अंगावर उसळतो. त्यानंतर नळ्यांच्या सांध्यांवर वाळलेल्या रंगीत कूलंटचे डाग आहेत का, हे पाहावे.

मग विजेकडे वळावे. फ्यूज, रिले आणि पंपाच्या जोडणीतील गंज पाहावा. फ्यूज जळाला असेल, तर तेवढ्याच क्षमतेचा एकदाच बदलावा. तो पुन्हा जळाला, तर तारेत किंवा पंपातच दोष आहे असे समजावे. अधिक क्षमतेचा फ्यूज घालणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. हा पंप गाडी बंद असतानाही चालतो, हे विसरू नये. जानेवारी २०१२ मध्ये मिनी कूपर एस या गाड्या परत मागविण्यात आल्या, त्या याच पंपावरील विद्युत्-पट्टी अतिशय तापून आग लागण्याचा धोका होता म्हणून.

यापुढची कसोटी मीटरची. पंप चालायला हवा अशा वेळी जोडणीत सुमारे १२ व्होल्ट येतात का? वीज येते आणि पंप फिरत नाही, तर पंप निकामी. वीजच येत नाही, तर दोष मागे, तारेत किंवा नियंत्रकात. काही पंपांना वीज सतत मिळते आणि चालण्याचा आदेश निराळ्या तारेने येतो. तेथे कारखान्यातील तपासणी-यंत्रच हवे. पंप फिरतो, पण प्रवाह नाही, असे असेल तर नळीत हवा अडकलेली असू शकते. ती पुस्तिकेतील रीतीने काढावी.

दुरुस्ती होईपर्यंत निदान एवढे करावे: चढ संपल्यावर शेवटचा मैलभर गाडी सावकाश न्यावी आणि एखाद-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवून मगच बंद करावे. आणि ‘पंप बदलावा लागेल, टर्बोही गेला असेल,’ असे मेकॅनिकने सांगितले, तर खिशात हात घालण्यापूर्वी त्याला विचारावे: पंपापर्यंत वीज पोचते का, हे पाहिले आहे काय?