उसन्या वाटा

आरेत उजाडण्याआधी बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचं नाही. हा नियम कुठल्या पाटीवर लिहिलेला नाही, पण जोगेश्वरीतून पहाटे पळायला निघणारा नवखा माणूस पहिल्याच आठवड्यात तो शिकतो. उभा माणूस बिबट्याला उंच दिसतो आणि तो सहसा त्याच्या वाटेला जात नाही. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस मात्र कुत्र्या-शेळीच्या मापाचा होतो. म्हणून नाडीची दुहेरी गाठ घरीच, उंबऱ्यावर बसून मारायची. वाटेत सुटलीच तर पाय रस्त्याकडेच्या कठड्यावर ठेवायचा आणि सोबत्याला टॉर्च धरायला सांगायचं.

मी जोगेश्वरी पूर्वेत राहतो. इथं पळायला जागा कुठाय, असं बाहेरचा माणूस विचारतो तेव्हा त्याचं काही चुकत नाही. एका अंगाला रेल्वे, मधून पश्चिम द्रुतगती महामार्ग, त्याला येऊन भिडणारा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, आणि उरलेल्या जागेत टेकड्यांवर चढत गेलेल्या चाळी आणि इमारती. ज्या देवीवरून या गावाला नाव पडलं, तिची सहाव्या शतकातली लेणीसुद्धा चारी बाजूंनी घरांनी वेढलेली आहेत. फुटपाथ असतो तिथं पहाटे झोपलेली माणसं असतात आणि सकाळी भाजीच्या पाट्या.

पण नकाशा थोडा लांब धरून पाहिला की डोळे निवतात. लिंक रोड ओलांडला की आरे कॉलनी सुरू होते. तिला लागून सुमारे 104 चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्याच्या पोटात विहार आणि तुळशी हे तलाव, दक्षिणेला पवई. हा हिरवा पट्टा पार घोडबंदरकडे ठाण्याला जाऊन टेकतो. गंमत अशी की या पट्ट्यातला पळायला चांगला असा एकही रस्ता पळणाऱ्यांसाठी झालेला नाही. एक दुधासाठी झाला, एक भिक्षूंच्या पायांनी पडला, एक तलावाच्या बांधामुळे आला. आम्ही ते पहाटेपुरते उसने घेतो.

अंग मोकळं करायला

सुरुवात घराजवळच होते. श्यामनगरच्या तलावाभोवती चालणारे आजी-आजोबा आमच्याही आधी हजर असतात. तिथं पळायचं म्हणजे दर दोन मिनिटांनी कुणाला तरी वळसा घालायचा. पूनमनगरजवळच्या शिल्पग्रामात बाग छान आहे, पण ती मुलांची आणि निवांत बसणाऱ्यांची. महामार्गालगतच्या टेकडीवर 1930 साली सुरू झालेलं इस्माईल युसूफ कॉलेज आहे. त्या टेकडीचा चढ आखूड असला तरी खडा आहे. तो दहा वेळा चढला-उतरला की पोटऱ्या बोलायला लागतात.

फक्त पळणाऱ्यांसाठी म्हणून बांधलेली बाग मुंबईत पहिल्यांदा गाजली ती वांद्र्याच्या कार्टर रोडवरची जॉगर्स पार्क. साल 1990. समुद्राकाठची ती जागा उत्तमच आहे, पण तिथं गोल गोल फिरावं लागतं. हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याला 21 किलोमीटर पुरवायचे असतात. तेवढी लांबी उपनगरात सलग मिळते ती आरेत आणि नॅशनल पार्कात.

दुधाचा रस्ता

आरेचा जन्म मुंबईच्या दुधासाठी झाला. शहरातल्या दाटीवाटीच्या तबेल्यांमधल्या म्हशी बाहेर काढायच्या, त्यांना चारा, पाणी आणि हवा असलेली जागा द्यायची आणि दूध नीट तपासून शहरात पाठवायचं, अशी ती योजना. 1949 मध्ये काम सुरू झालं आणि मार्च 1951 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. योजनेमागचे दारा खुरोडी यांना पुढे 1963 साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुमारे 1,287 हेक्टर जागेत तीसच्या वर युनिटं विखुरली, त्यांत हजारो म्हशी आल्या आणि युनिटांना जोडणारे रस्ते झाले.

रस्त्यांचा हा आराखडाच आज पळणाऱ्याच्या उपयोगी पडतो. मुख्य रस्ता गोरेगावच्या चेकनाक्यापासून चढत-उतरत मरोळच्या दिशेनं जातो, आणि त्याला दोन्ही बाजूंनी युनिटांकडे जाणारे फाटे फुटतात. फाट्यांची जोडणी करून हवा तेवढा लांब फेरा आखता येतो. पाच किलोमीटर हवेत, पिकनिक पॉइंटवरून मागे फिरा. पंधरा हवेत, छोटा काश्मीरचं तळं गाठा, फाटे घ्या. पत्ते युनिटच्या नंबरांवर चालतात. ‘सात नंबरला भेट’ असं कुणी म्हणालं की आम्हाला कळतं.

आरेचा खरा माल म्हणजे चढ. दरवर्षी जानेवारीत होणारी मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली. ती मुख्यतः दक्षिण मुंबईत पळवली जाते आणि बराचसा रस्ता सपाट असला तरी पेडर रोडचा चढ आहे. फुल मॅरेथॉन पळणाऱ्यांना तो शेवटच्या टप्प्यात, पाय संपलेले असताना लागतो. त्या एका चढासाठी उपनगरातले लोक ऑक्टोबरपासून आरेचे चढ घोटतात. नवखे चढावर जोर लावतात आणि माथ्यावर कमरेवर हात ठेवून उभे राहतात. जुने पावलं आखूड करतात, नजर चार पावलं पुढे ठेवतात आणि बोलता येईल इतक्याच दमानं चढतात. बोलणं तुटलं की वेग जास्त झाला, इतकं साधं माप. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापत राहतं. म्हणून घड्याळापेक्षा हे माप खरं.

पायाखालचंही पाहावं लागतं. मुख्य रस्त्यावर काँक्रीट आलं आहे. ते गाडीला बरं, गुडघ्याला वाईट. शक्य तिथं आम्ही डांबराचे जुने फाटे धरतो, नाहीतर कडेची माती. पावसाळ्यात त्या मातीवर आणि कठड्यांवर शेवाळ धरतं. एका जुलैत मी तिथं असा आपटलो की उजवं कोपर महिनाभर ‘जय महाराष्ट्र’ म्हणायलाही वर होईना.

आरेत पळताना मालक कोण ते नाकाला आधी कळतं. शेणाचा आणि ओल्या पॅरा गवताचा वास चेकनाक्यापासूनच सोबत येतो. गोठ्यांत दिवे लागलेले असतात, दुधाच्या कॅनचा खणखणाट ऐकू येतो आणि टेम्पो वळणावर हॉर्न न देता समोर येतो. त्याला वाट द्यायची. म्हशींच्याही आधीपासून इथं आहेत ते वारली, कोकणा, मल्हार कोळी या समाजांचे पाडे. आरेत असे सत्तावीस पाडे मोजले जातात. वाघदेवाचं ठाणं आणि वाघबारशीचा सण हे इथलेच. एक आजी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन गोरेगावच्या बाजाराला निघतात. आमची टोळी त्यांना येताना ओलांडते आणि परतताना त्या पुन्हा दिसतात. एकदा त्या थांबून म्हणाल्या, “रोज पाहते, पळता लय. पोचत मात्र कुठंच नाही.” त्यावर उत्तर आजवर सुचलेलं नाही.

बिबट्याबद्दल या पाड्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं, कारण किंमतही तेच मोजतात. सप्टेंबर 2021 मध्ये आरेत ओट्यावर टेकलेल्या एका वयस्क बाईंवर बिबट्या मागून आला. त्यांनी हातातल्या काठीनं त्याला परतवलं आणि हे सगळं कॅमेऱ्यात आलं. 2022 च्या दिवाळीत मात्र दीड वर्षही न झालेली एक मुलगी दगावली. वनखात्याचे लोक सांगतात ते सोपं आहे: कचरा साठला की कुत्री वाढतात, कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीजवळ येतो. अंधारात घोळक्यानं जा, उजेड ठेवा, आवाज करा. म्हणून उजाडेपर्यंत आमच्यात कानात गाणी लावून कुणी पळत नाही. गप्पा मारत पळतो, तेही मुद्दाम मोठ्यानं.

पोढीपर्यंत

दुसरी वाट बोरिवलीची. जोगेश्वरीहून पहिल्या लोकलनं पाचवं स्टेशन: राममंदिर, गोरेगाव, मालाड, कांदिवली सोडले की बोरिवली. नॅशनल पार्कात सकाळी फिरणाऱ्यांसाठी पास मिळतो. मुख्य दारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत रस्ता सहाएक किलोमीटर आहे. सुरुवात सपाट, डावी-उजवीकडे दहिसर नदीची सोबत, मग झाडी दाटते आणि शेवटी लेण्यांकडे चढ उभा राहतो. जाऊन-येऊन बारा-तेरा किलोमीटर सहज भरतात.

हा डांबरी रस्ता आजचा असला तरी जायचं ठिकाण दोन हजार वर्षांचं आहे. कान्हेरीच्या काळ्या डोंगरात शंभराहून जास्त बौद्ध लेणी आहेत. सोपारा आणि कल्याण या बंदरांचे व्यापारी इथं दानं देत. लेण्यांशेजारी खडकात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. पावसाचं पाणी डोंगरावरच्या पन्हाळींतून या पोढ्यांत उतरतं. शेवटचा चढ चढून घशाला कोरड पडली की त्या टाकी खोदणाऱ्यांचा हिशेब पटतो.

पार्कातलं पळणं आरेपेक्षा शिस्तीचं. इथं गाड्या कमी, नियम जास्त. मुख्य रस्ता सोडून झाडीतल्या पायवाटेवर शिरायचं नाही, खाऊ काढायचा नाही. एनर्जी जेलची पुडी फोडली तरी माकडांना ऐकू येते.

पवईचा धडा

तिसरी वाट लिंक रोडनंच पवईला जाते. 1891 च्या सुमाराचा हा तलाव शहराला पाणी द्यायला बांधला, पण पाणी पिण्याजोगं ठरलं नाही. काठानं पळणं सुखाचं आहे, पाण्यात मगरी आहेत, पलीकडे टेकड्या.

इथंच काही वर्षांपूर्वी महापालिकेनं तलावाच्या कडेनं सायकल आणि जॉगिंगचा ट्रॅक बांधायला घेतला. आम्हा पळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आधी आनंदच झाला, मलाही झाला. सलग, सपाट, बिनगाडीचा रस्ता आणि शेजारी पाणी! मग काठावर भराव पडायला लागला. लोक न्यायालयात गेले आणि मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते काम बेकायदा ठरवून थांबवलं, बांधलेलं काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. तलाव पाणथळ जागा आहे, तिच्यावर कायमचं बांधकाम चालत नाही.

त्या निकालानं माझी एक समजूत बदलली. या पट्ट्यात आम्ही खपून गेलो, कारण आमच्यासाठी इथं काही बांधलेलं नव्हतं. रस्ता दुधाचा होता तोवर पहाटेचे दोन तास आमचे होते. आमच्या नावाचा रस्ता आला असता, तर तो मगरीच्या आणि पाणकोंबडीच्या काठावरून गेला असता. सोयीची अशी किंमत आरेनंही मोजली. ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांहून अधिक झाडं एक-दोन रात्रींत पडली. त्याच मेट्रोचं आरे-जेव्हीएलआर हे स्टेशन 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. पूर्ण मार्गिकेवर जमिनीवरचं स्टेशन हे एकच, बाकी सगळी भुयारी. आता लांबचे पळणारेही त्या स्टेशनवर उतरतात. झाडांसाठी हळहळणारे आणि मेट्रोनं येणारे, दोन्ही आम्हीच. हे सोयीनं विसरता येत नाही.

साडेसातच्या सुमाराला आरेच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि आमची वेळ संपते. चाळीत शेजारणीकडून साखर उसनी आणली तर वाटी रिकामी परत करायची नसते. आई वाटीत दोन लाडू तरी ठेवायची. या वाटांच्या वाटीत काय ठेवायचं, त्याचं उत्तर आमच्या टोळीनं फारसं मोठं काढलेलं नाही: परतताना प्रत्येकानं रस्त्यावर टाकलेली एक बाटली उचलायची. चेकनाक्याजवळच्या चहाच्या टपरीमागं त्या पोत्यात जातात. एक मात्र मी ठेवून घेतो. घरी आल्यावर तिच्यात चार खडे टाकतो, झाकण घट्ट लावतो आणि बुटांशेजारी उभी करतो. उद्या अंधारात ती हातात खुळखुळत राहील, म्हणजे ज्याचा रस्ता आहे त्याला आम्ही येतोय हे आधीच कळेल.