फलक होता, पण तो सायकलवाल्यासाठी नव्हता

रस्त्याचे काम सुरू झाले की फलक लागतो. ‘काम चालू, रस्ता बंद’, ‘वाहने सावकाश चालवा’, ‘पर्यायी मार्गाचा वापर करावा’ आणि खाली ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’. आपल्या शहरातील लहान मुलांनाही ही वाक्ये आता पाठ झाली असतील. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटी रुपयांच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन झाले आणि त्यानंतर जलवाहिन्यांसाठी ठिकठिकाणचे रस्ते खणले गेले. पाणी आम्हालाही हवेच आहे. नळाच्या पाण्याची आठ-आठ दिवस वाट पाहिलेला माणूस जलवाहिनीच्या चराला विरोध कसा करील? आमचे म्हणणे फक्त त्या फलकाविषयी आहे.

आमच्या उस्मानपुऱ्यातील एक बंधू एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहेत. गेल्या पावसाळ्यात दुसरी पाळी संपवून ते रात्री सायकलने घरी येत होते. रस्त्याच्या डाव्या कडेने चर खणून त्यात अर्धवट मुरूम भरलेला होता. पुढचे चाक त्यात रुतले, ते हातावर पडले व मनगट मोडले. सहा आठवडे काम नाही, आणि काम नाही म्हणजे मजुरी नाही. त्याहून जास्त त्यांना लागले ते लोकांचे बोलणे. “एवढा मोठा बोर्ड होता, दिसला नाही का?” असे जो तो विचारी, आणि विचारताना काहीजण गालात हसत. हा माणूस सुपारीसुद्धा खात नाही. “बोर्ड दिसला नाही,” एवढेच ते सांगत राहिले, आणि खरे सांगायचे तर आमचाही विश्वास बसला नव्हता.

म्हणून एका रात्री आम्ही चौघे कार्यकर्ते तीन सायकली घेऊन त्याच जागी गेलो. त्या टप्प्यातील रस्त्यावरचे दिवे बंद होते. मागून मोटारसायकल आली की, चालवणारा “केवढा चमकतोय” म्हणे. आम्ही त्याच वेळी, त्याच फलकासमोर, सायकलवर. आम्हाला दिसे एक काळी पाटी. मग आमच्यातील एकाने टॉर्च कपाळाशी धरली, तेव्हा अक्षरे लख्ख उजळली. तीच टॉर्च दुसऱ्याने चार पावले बाजूला उभे राहून मारली, तर पहिल्याला पुन्हा काहीच दिसेना!

यात जादू नाही. फलकावरच्या चकाकत्या कागदात काचेचे बारीक मणी किंवा लोलक बसवलेले असतात. प्रकाश ज्या दिशेने येतो त्याच दिशेला ते तो परत पाठवतात. मोटारीचा दिवा आणि चालकाचे डोळे जवळजवळ असल्याने फलक त्याला झळकताना दिसतो. ज्याच्या सायकलला दिवा नाही त्याच्या वाट्याला त्यातले काहीच येत नाही. फलक खोटा नव्हता आणि आमचे बंधूही खोटे नव्हते.

सायकलवाल्याने दिवा लावू नये का? अवश्य लावावा. पूर्वी दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडीत, हे जुनी माणसे आजही सांगतात. पण हीच माणसे असेही सांगतात की, खणलेल्या रस्त्यावर तेव्हा लाल कंदील टांगलेला असे. कंदील स्वतः जळत असे, त्यामुळे पायी जाणाऱ्यालाही तो दिसे.

दिवसा फलक दिसतो, तरी फार फरक पडत नाही. ‘पर्यायी मार्ग’ म्हणून बाण जिकडे वळतो तो फेरा मोटारसायकलला दोन मिनिटांचा. पहाटे पेपर टाकणाऱ्या पोराला, दूधवाल्याला, गवंड्याच्या हाताखाली जाणाऱ्याला तो पायांनी ओढावा लागतो. शिवाय फलक, पत्रे, वाळूची पोती हे सारे ठेवतात कुठे? डाव्या कडेला. सायकलवाल्याने नेमके तिथूनच जायचे असते. म्हणजे त्याला सावध करणारी वस्तूच त्याला भरधाव गाड्यांमध्ये ढकलते. सायकल आता चालवतो कोण, असे साहेब लोक म्हणतात. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरचे काम करणाऱ्या देशातील दर शंभर माणसांपैकी सुमारे तेराजण कामावर सायकलने जात होते.

नियम नाहीत असेही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची रस्त्याच्या कामाजवळील वाहतुकीविषयी मार्गदर्शिका आहे, तिची सुधारित आवृत्ती २०१४ ची. ब्रिटनमध्ये तर रस्त्याच्या कामाच्या जागी सायकलस्वारांचे काय करावे यावर १९९९ साली सरकारने वेगळे पत्रक काढले. अर्थात तिथेही ‘सायकलवरून उतरा’ अशी पाटी लावून मोकळे होणारे आहेतच.

आपल्या कामाचे दोन कायदे सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ आले. रस्त्याच्या बांधकामाचे वा देखभालीचे सुरक्षा-निकष न पाळल्याने कोणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरे, ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे व उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. खणलेला चर म्हणजे खड्डा नव्हे, असे म्हणणारा अधिकारी भेटेलच. तेव्हा दवाखान्याचा कागद, जागेचा फोटो आणि तारीख त्याच दिवशी जपून ठेवावी. आमच्या बंधूंनी यातले काहीच ठेवले नव्हते.

आम्ही माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला आहे. त्या कामाच्या अंदाजपत्रकात रात्रीच्या दिव्यांसाठी किती रक्कम धरली होती व बिलात किती उचलली, एवढेच विचारले आहे. हिशेब लिहिण्यातच आमची नोकरी गेल्यामुळे आम्हाला तोच प्रश्न आधी सुचला. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे.

बंधू पुन्हा पाळीवर जाऊ लागले आहेत. त्यांनी हँडलला छोटी टॉर्च बांधली आहे आणि रोज संध्याकाळी त्यांची मुलगी ती आठवणीने चार्जिंगला लावते.