सिकलसेल : जनुक आणि जात

विदर्भातल्या आमच्या वस्त्यांत सिकलसेल हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तपासणीच्या कागदावरची 'एस.एस.' आणि 'ए.एस.' ही अक्षरे म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही तोंडी बसली आहेत. परंतु या शब्दाच्या मागोमाग 'महारांचा रोग', 'आदिवासींचा रोग' ही कुजबूजही चालते. ज्यांनी आमच्या सावलीचा विटाळ मानला, त्यांना आता आमच्या रक्तातच खोट सापडली आहे. या कुजबुजीचा समाचार विज्ञानाच्याच आधारे घ्यावयास हवा, असे मला वाटते.

प्रथम रोग म्हणजे काय ते पाहू. तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन ज्या जनुकांवरून घडते, त्यांपैकी एक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या लिपीत एकच अक्षर बदलले की प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५७ साली हा फरक दाखवून दिला. एवढ्यानेच प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे कण एकमेकांस चिकटतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडे पिळवटणारी कळ उठते. आई आणि बाप दोघांकडून असे जनुक आले तर मूल रोगी. एकाकडूनच आले तर ते केवळ वाहक, रोगी नव्हे.

वाहकाला मलेरियाच्या जीवघेण्या तडाख्यापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणून जेथे मलेरिया होता तेथे हे जनुक टिकले : आफ्रिकेत, ग्रीसमध्ये, अरबस्तानात, सातपुड्यात आणि विदर्भात. विदर्भात ते बौद्धांत आणि गोंडांत आहे, तसे कुणबी-तेल्यांतही आहे. डासाने कुणाची जात विचारली नाही. मात्र ज्या समाजात हे जनुक आहे तेथे लग्ने जातीतल्या जातीतच लागली, की दोन वाहकांची गाठ पडण्याचा संभव वाढतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणी मूल रोगी असण्याची शक्यता चारात एक असते. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातिसंस्थेचे मर्म म्हणून जी बेटीबंदी दाखविली, तिची किंमत आपली मुले अशीही मोजीत आहेत.

तरीही जनुकातले अक्षर म्हणजे ललाटलेख नव्हे. तेच अक्षर घेऊन जन्मलेल्या दोघांपैकी एक वर्षातून अनेकदा इस्पितळ गाठतो, दुसऱ्याला क्वचितच कळ येते. याचे एक मोठे कारण जनुकांच्या नियमनात आहे. गर्भात बाळाचे हिमोग्लोबिन घडविणारे जनुक वेगळे असते. त्यात हा दोष नसतो. म्हणून पहिले काही महिने बाळ निरोगी दिसते. जन्मानंतर ते जनुक बंद होत जाते. दुसऱ्या गुणसूत्रावरील 'बी.सी.एल. ११ ए' या जनुकाचे प्रथिन त्याला बंद ठेवते, हे २००८ साली उमगले. ज्याच्यात ते पुरते बंद होत नाही, त्याचा त्रास बहुधा कमी असतो. भारतीय रुग्णांत गर्भकाळचे हिमोग्लोबिन आफ्रिकी रुग्णांहून सहसा अधिक आढळते. पण म्हणून विदर्भातला रोग सौम्य आहे असे कुणी समजू नये.

या ज्ञानावर उभारलेला 'कॅसजेव्ही' हा उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्य झाला. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून त्यांत असा बदल करतात की गर्भकाळचे जनुक पुन्हा बोलू लागते. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. हायड्रॉक्सियुरिया हे स्वस्त औषधही गर्भकाळचे हिमोग्लोबिन वाढविते. शेतमजूर बाईच्या मुलाला ते तरी नियमित मिळते काय, हा माझा प्रश्न आहे.

१९७१ साली ब्लॅक पँथरांनी अमेरिकेतील काळ्या वस्त्यांत स्वतः ही तपासणी हाती घेतली. त्यांच्यावरून नाव घेतलेली दलित पँथर पुढच्याच वर्षी मुंबईत जन्मली. पण त्या देशातही वाहकांनाच रोगी मानून दूर ठेवले गेले. हवाई दलाच्या प्रबोधिनीचे दार त्यांना १९८१ पर्यंत बंद होते. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवून राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तपासणी व्हावयासच हवी. परंतु कागदावर 'ए.एस.' दिसताच मुलीचे लग्न मोडणार असेल, तर तो कागद नवा विटाळ ठरेल. वाहक असणे हा दोष नव्हे, हे वस्तीवस्तीत सांगणे आणि औषधाचा हक्क मागणे, ही दोन्ही कामे आपलीच आहेत.