मढ्यावरचे पाहुणे

पूर्णगडच्या किल्ल्याखाली मुचकुंदी नदी समुद्रास मिळते. तेथील वाळूत ओहोटीच्या वेळी एक मेलेला मासा पडलेला आम्ही पाहिला. प्रथम कावळे आले. त्यांनी डोळे टिपले. मग पांढऱ्या डोक्याची, तांबूस पाठीची घार झेपावली आणि लचका घेऊन गेली. उरलेले कुर्ल्यांनी बिळांकडे ओढले. भरतीपूर्वी काटा तेवढा राहिला. आरंभी आम्हांस किळस आली हे कबूल केले पाहिजे. पुढे मात्र तेथून पाय निघेना.

माशाचे ठीक आहे. पण मेलेली म्हैस कोणी संपवावी? ते काम गिधाडांचे. पांढऱ्या पाठीची गिधाडे कोकणात नारळाच्या झाडांवरही घरटी करीत. त्यांच्या जठरातील आम्ल इतके जहाल, की सडक्या मांसातले पुष्कळसे रोगजंतू तेथेच मरतात.

१९९२ ते २००७ या काळात देशातील या जातीची दर हजारांतून जेमतेम एक गिधाडे उरली. दुखऱ्या गुरांना टोचलेले डायक्लोफिनॅक हे औषध त्यांच्या मांसात राही आणि ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. २००४ साली हे कारण उघड झाले, २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. परंतु मादी वर्षाला एकच अंडे घालते. खड्डा भरावा तरी कसा?

गिधाडे गेली तेथे ढोरांवर कुत्री आली. ती मढे पुरते संपवीत नाहीत. वाढतात मात्र झपाट्याने, आणि त्यांतले एखादे पिसाळले म्हणजे ते गावात शिरते.