क्रमांकाचें गोत्र

समुद्रोल्लंघनाबद्दल प्रायश्चित्त घ्यावें लागे, त्या काळास आतां शतक लोटलें. आज आमच्या वाचकांच्या घरोघरचीं मुलें परदेशीं आहेत, आणि त्यांच्याकडे चार-सहा महिने राहून आलेले वडीलहि थोडे नाहींत. परदेशांतून घरीं कसें बोलावें हें त्यांस शिकवावयास नको. परंतु तेथें जोडलेला स्नेही दुसऱ्याच देशाचा, आणि दोघांची गांठ पडते ती तिसऱ्याच देशांत, असें झालें म्हणजे भल्याभल्यांची तारांबळ उडते. तिचें कारण समजलें कीं उपाय सोपा आहे, म्हणून त्याविषयीं थोडें लिहीत आहों.

मनुष्य कोठेंहि गेला तरी त्याचें गोत्र बदलत नाहीं. मोबाईलच्या क्रमांकाचेंहि तसेंच आहे. भारताचें गोत्र 91, जपानचें 81, जर्मनीचें 49, ब्रिटनचें 44. पुण्याचें सिम कार्ड घेऊन आपण व्हिएन्नास उतरलों म्हणून आपला क्रमांक ऑस्ट्रियाचा होत नाहीं. यंत्र सुरू होतांच तें तेथील कंपनीस आपली ओळख देतें. ती कंपनी भारतांतील आपल्या कंपनीस विचारते, ‘हे गृहस्थ तुमचेच ना?’ होकार आला म्हणजे पाहुण्यास ओसरीवर जागा मिळते आणि ‘सध्यां मुक्काम येथें’ अशी नोंद घरच्या वहींत पडते. यालाच रोमिंग म्हणतात. यूरोपांतील तेरा देशांच्या कंपन्यांनीं 1987 सालीं कोपनहेगन येथें एकाच पद्धतीचीं यंत्रें चालविण्याचें ठरविलें, आणि 1992 सालीं टेलिकॉम फिनलंड व ब्रिटनची व्होडाफोन यांच्यांत पाहुण्यांची सोय करण्याचा पहिला करार झाला. त्यापूर्वीं सरहद्द ओलांडली कीं बहुतेकांचा मोबाईल मुका होई.

आतां मुख्य गोष्ट. बदली झालेल्या मनुष्याचें पत्र आधीं जुन्या गांवीं जाई, तेथील पोस्टमास्तर नवा पत्ता लिहून तें पुढें धाडी. रोमिंगवर असलेल्या मनुष्यास केलेला फोन असाच जातो. गेल्या वर्षीं आम्ही सहकुटुंब व्हिएन्नास गेलों असतां एका जपानी दांपत्याशीं ओळख झाली. उभयतां आमच्याप्रमाणेंच निवृत्त शिक्षक. इंग्रजी दोन्ही पक्षांची मोजकीच. पण त्या गृहस्थांनीं आपली अक्षरमाला अ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना अशी म्हणून दाखविली तेव्हां आम्हांस परका मनुष्य भेटल्यासारखें वाटेना. बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेलेल्या संस्कृताध्ययनामुळेंच त्यांच्या वर्णांस हा क्रम आला आहे.

आमच्या मंडळींतील एका उत्साही गृहस्थांनीं संध्याकाळीं कोठें भेटावयाचें तें ठरविण्यासाठीं ह्या स्नेह्यांस चारदां फोन केला. दोघांच्या निवासांत दोन गल्ल्यांचें अंतर. परंतु प्रत्येक हांक आधीं जपानला जाऊन मग व्हिएन्नास परत आली! करणाऱ्यास परदेशीं फोन केल्याचा आकार आणि घेणाऱ्यास तो रोमिंगवर घेतल्याचा आकार, असा दुहेरी भुर्दंड. आपल्याकडे 2003 सालापासून येणाऱ्या फोनचे पैसे पडत नाहींत, म्हणून ऐकणाऱ्याच्या खिशाचा विचार आपल्या मनांतहि येत नाहीं. आपल्या आतिथ्याची दक्षिणा पाहुण्यानें द्यावी हें कांहीं बरें नव्हे. जपानी गृहस्थ मात्र बोलले नाहींत. तो त्यांचा स्वभावच नव्हे.

तेव्हां अशा स्नेह्यास आधीं दोन ओळींचा निरोप लिहावा, आणि बोलावयाचें तें निवासाच्या वाय-फायवर बोलावें. इंटरनेटच्या मार्गानें जाणाऱ्या आवाजास गोत्रजांच्या घरीं हजेरी लावावी लागत नाहीं. अडचण एवढीच कीं आपणांस व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे सारें जग वाटतें, तसें तें नाहीं. 2011 च्या मार्चमधील भूकंपांत जपानचे फोन कोलमडले, आणि त्याच वर्षीं निघालेलें लाईन हें त्या लोकांच्या अंगवळणीं पडलें आहे. कोरियांत काकाओटॉक, चीनमध्यें वीचॅट. चीनमध्यें तर तेथील वाय-फायवर व्हॉट्सअ‍ॅप उघडतच नाहीं; भारतीय सिमच्या रोमिंगवर बहुधा उघडतें, कारण तो मजकूरहि आधीं घरीं येऊन मग पुढें जातो. स्नेह्याची सवय विचारून घेणें आणि तें साधन आपल्या यंत्रावर बसवून घेणें हें काम नातवाचें. दहा मिनिटांत होतें.

क्रमांक लिहून देतांना तो गोत्रासकट द्यावा, आणि गोत्राच्या आधीं अधिक चिन्ह असावें. यंत्रावर शून्याची कळ दाबून धरली कीं तें उमटतें. परदेशीं फोन लावण्यासाठीं आपल्याकडे 00, अमेरिकेंत 011, जपानांत 010 असे निरनिराळे उंबरठे आहेत. अधिक चिन्ह ते सारे एकदम ओलांडतें. शिवाय जपानी मनुष्य आपला क्रमांक 090 पासून सांगतो, इंग्रज 07 पासून. त्यांतील पहिलें शून्य घरगुती होय. तें गाळून +81 90 किंवा +44 7 असें लिहावें, नाहीं तर फोन लागत नाहीं.

यूरोपीय संघांतील एका देशाचें सिम इतर सभासद देशांत, 15 जून 2017 पासून, घरच्याच दरानें चालतें, आणि ही सवलत 2032 पर्यंत वाढविली आहे. आपल्या भारतीय सिमला ती नाहीं. स्वित्झर्लंड त्या संघांत नाहीं. आपली मंडळी तर तेथें हटकून जातात, म्हणून सिम घेतांना तेवढें विचारून घ्यावें. स्थानिक सिम घेतलें तरी भारतीय सिम टाकून देऊं नये. पेन्शनच्या बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो, आणि यंत्रांत सिम बदललें तरी व्हॉट्सअ‍ॅपवर स्नेह्यांस आपण जुन्याच क्रमांकानें सांपडतों.

परत आल्यावरहि घड्याळ विसरूं नये. जपान आपल्या साडेतीन तास पुढें आहे. आपलें रात्रीचें जेवण आटोपून नऊ वाजतां कोणास आठवण झाली, तर तिकडे साडेबारा वाजून गेलेले असतात. आम्ही दुपारचा चहा झाल्यावर चार वाजतां बोलतों. तेव्हां त्यांचें भोजन आटोपत आलेलें असतें, आणि परवां बाई आमच्या घरांतून कोहळ्याच्या सांडग्यांची कृति विचारीत होत्या.