तबल्याचं गणित पासपोर्टवर: परदेशात ताल शिकायला गेल्यावर काय होतं?

घाटात रेंज गेली आणि एपिसोड अर्धाच ऐकून झाला, अशांसाठी हा लिहिलेला भाग.

आजचा प्रश्न साधा आहे. इथे तबला, पखवाज किंवा ढोलकी शिकलेला मुलगा परदेशात तालवाद्य शिकायला गेला, तर आधीचं शिकलेलं कामाला येतं की पाटी पुसून सुरुवात करावी लागते?

हा प्रश्न आमच्या घरातलाच आहे. माझा मामेभाऊ भोर तालुक्यातल्या आंबवड्याचा, तिथे भजनाला पखवाज वाजवतो. बाहेरच्या एका म्युझिक कॉलेजचा फॉर्म त्याने भरलाय. मामा म्हणतो, "अरे, एवढे पैसे घालून तिकडे पहिलीपासूनच शिकायचं असेल, तर जातोस कशाला?" फीचा आकडा बघितला की मामाचं म्हणणं उडवून लावता येत नाही.

उत्तरासाठी एक माणूस बघू: त्रिलोक गुर्टू. जन्म १९५१, मुंबई. आई म्हणजे ठुमरीगायिका शोभा गुर्टू, मूळच्या बेळगावच्या. त्रिलोक लहानपणी तबला शिकले, पुढे ड्रम्सकडे वळले आणि जर्मनीत हॅम्बुर्गला राहायला गेले. १९८४ मध्ये 'ऑरेगन' या अमेरिकन बँडचे तालवादक कॉलिन वॉलकॉट अपघातात गेले, त्यानंतर त्या जागी गुर्टू आले. मग गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या त्रयीत वाजवलं. १९८९ ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाचा अल्बम आजही ऐकायला मिळतो.

त्यांचा सेटअप बघा. ड्रमर स्टुलावर बसतो. गुर्टू मात्र जवळपास गुडघ्यांवर बसून वाजवतात. तबला ड्रम्सच्या शेजारीच, हाताशी. झांज वाजवून पाण्याच्या बादलीत बुडवतात, मग तिचा सूर वाकतो. म्हणजे तबला घरी ठेवून ते ड्रमर झाले नाहीत. आणि १९८८ च्या 'उसफ्रेट' अल्बममध्ये तर आईचा आवाजही सोबत आहे.

एक किस्सा त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलाय. पाश्चात्त्य संगीत ऐकून शिकताना ओव्हरडबिंग, म्हणजे एकावर एक ट्रॅक रेकॉर्ड करणं, हा प्रकार त्यांना माहीतच नव्हता. रेकॉर्डवरचं सगळं एकच माणूस वाजवतोय असं समजून ते बसवत गेले. त्यामुळे इतर वादक ज्या गोष्टींच्या वाटेला गेले नसते, त्या त्यांना यायला लागल्या.

आता थोडं गणित, कारण मी पडलो इंजिनिअर. तीनतालाच्या मात्रा १६. पाच मात्रांचा एक तुकडा घ्या, तीनदा वाजवा, मध्ये दोनदा एकेक मात्रा थांबा. ५+१+५+१+५ = १७. समेवर सुरू केलंत तर शेवटचा ठोका पुढच्या समेवर! हीच तिहाई. आता हेच चार-चारच्या पाश्चात्त्य बारमध्ये मांडा. चार बार म्हणजे १६. तुकडे सुरू होतात पहिल्या, सातव्या आणि तेराव्या ठोक्यावर. सातवा ठोका म्हणजे दुसऱ्या बारचा मधला भाग, म्हणून सोबतच्या ड्रमरला वाटतं की तुम्ही भरकटलात. पण पाचव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर तुम्ही बरोबर उतरता. गणित एकच आहे, फक्त मोजायची पट्टी वेगळी.

मग नवीन काय शिकावं लागतं? पहिलं, कागदावरून वाजवणं. आपण बोल तोंडपाठ करतो. तिथे स्टाफ नोटेशन समोर ठेवतात आणि बघून लगेच वाजवायला सांगतात. दुसरं, गप्प बसणं. ऑर्केस्ट्रात पन्नास बार मोजत थांबायचं आणि एकच ठोका द्यायचा. भजनात सतत हात चालणाऱ्याला हे जड जातं.

तिसरं, हवामान. हीटर लावलेल्या खोलीत हवा कोरडी असते. कातडं ताणलं जातं आणि सूर चढतो. पखवाजाच्या धुमेवरची कणीकही लवकर सुकते, म्हणून कार्यक्रमाआधी पुन्हा लावायची तयारी हवी. आणि ऑस्ट्रेलियासारख्या देशात कातडी वाद्य विमानतळावर जाहीर करावंच लागतं.

तर मामाला माझं उत्तर असं: पहिलीपासून फक्त वाचन शिकावं लागेल, लय नाही. पण ते वाचन इथेही सुरू करता येतं. भावाने सहा महिने नोटेशन आणि मेट्रोनोम घेऊन बसावं, मगच फीचा विचार करावा. तिकडचं पहिलं वर्ष मुळाक्षरं गिरवण्यात गेलं, तर पैसे खरंच वाया जातील.

तोपर्यंत एक काम करा. मोबाईलवर मेट्रोनोम लावा, वरची सतरा मात्रांची तिहाई टेबलावर वाजवून बघा. समेवर आलात की व्हॉइस नोट पाठवा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवू. भेटूया!